लाइट आली, तरी कॉम्प्युटर उठेना

प्रश्न : माझा एक लिनक्स कॉम्प्युटर फाइल सर्व्हर म्हणून रात्रंदिवस चालू असतो. यूपीएस यूएसबी केबलने जोडलाय आणि कॉम्प्युटरवर 'नट', म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर, बसवलंय. लाइट गेली आणि बॅटरी उतरत आली, की कॉम्प्युटर आपला आपण नीट बंद होतो. वीज परत आल्यावर काय करायचं, त्या बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये 'पॉवर ऑन' निवडलंय. तरी गंमत अशी, की लाइट दोन-तीन तास गेली तर परत आल्यावर तो सुरू होतो. पण तो बंद झाल्यावर पाचेक मिनिटांतच लाइट आली, तर ढिम्म! यूपीएस बिघडलाय का?

उत्तर : यूपीएसवर संशय घेऊ नका. तुम्ही दोन्ही प्रसंग वेगवेगळे सांगितलेत ते फार बरं केलंत, कारण बिघाड त्या फरकातच आहे.

बायोसचं ते सेटिंग फक्त एकच गोष्ट ओळखतं : वीज पूर्ण गेली आणि पुन्हा आली. आता कॉम्प्युटर बंद झाला तरी यूपीएस बॅटरीवरून वीज देतच राहतो. लाइट लांबली तर उरलीसुरली बॅटरी संपते, यूपीएस गप्प होतो आणि लाइट आल्यावर कॉम्प्युटरला वीज नव्याने मिळते. मग तो उठतो. लाइट लवकर आली, तर त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. मग कशाला उठेल?

खात्री करायची तर कॅबिनेट उघडून बघा. बऱ्याच मदरबोर्डवर एक बारीक दिवा असतो, कॉम्प्युटर बंद असतानाही जळणारा. शटडाउननंतर तो जळतच राहिला, तर वीज तोडली गेली नाही असं समजा. तोडली, तर काही सेकंदांत तो विझतो.

म्हणजे कॉम्प्युटरने बंद होता होता यूपीएसला सांगून जायला हवं : 'थोड्या वेळाने माझी वीज तोड आणि बाहेरची वीज असली की पुन्हा दे.' नटमध्ये ही सोय आहे. अपसमॉन हा नटचा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम; त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'पॉवरडाउनफ्लॅग'ची (POWERDOWNFLAG) ओळ आहे का, ते आधी पाहा. ती नसेल किंवा शटडाउनच्या अगदी शेवटी चालणारी स्क्रिप्ट बसवलेलीच नसेल, तर हा निरोप यूपीएसपर्यंत पोचतच नाही. माझा पहिला संशय इथेच.

पुढचा मुद्दा वेळेचा. नटच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये 'ऑफडिले' (offdelay), म्हणजे निरोपानंतर वीज तोडेपर्यंतचा वेळ, मुळात 20 सेकंद असतो आणि 'ऑनडिले' (ondelay), म्हणजे वीज पुन्हा देईपर्यंतचा वेळ, 30. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच हवा. काही यूपीएस फक्त पूर्ण मिनिटं मोजतात आणि 20 सेकंदांचं शून्य करून टाकतात. मग कॉम्प्युटर धड बंद व्हायच्या आत वीज जायची भीती. तसं दिसलं तर 60 आणि 120 ठेवा. लाइट येऊन लगेच पुन्हा जात असेल तर ऑनडिले आणखी वाढवा, नाहीतर रिकाम्या बॅटरीवर कॉम्प्युटर अर्धा सुरू होऊन कोसळेल.

आता चाचणी. लाइट चालू असतानाच, रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी यूजर) होऊन, 'अपसमॉन -सी एफएसडी' (upsmon -c fsd) ही सक्तीने शटडाउन करायची आज्ञा द्या. तुमची अडचण नेमकी याच स्थितीतली असल्यामुळे बॅटरी उतरायची वाट बघत बसावं लागत नाही. कॉम्प्युटर बंद होईल, यूपीएस 'टक्' करेल, तो बारीक दिवा विझेल आणि थोड्या वेळाने सगळं परत सुरू व्हायला हवं. त्याच यूपीएसवर राउटर किंवा बाहेरची हार्डडिस्क असेल तर त्यांचीही वीज जाणार, हे ध्यानात ठेवा. एरवी लाइट गेल्याचा प्रयोग करायचा असेल तर प्लग उपटू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. अर्थिंग जोडलेलं राहतं.

विंडोजवाल्या वाचकांसाठी जाता जाता : विंडोजची स्वतःची बॅटरी सेटिंग्ज कॉम्प्युटर बंद करतात, पण यूपीएसला वीज तोडायला सांगत नाहीत. यूपीएस कंपनीचं सॉफ्टवेअर त्यासाठीच असतं. आणि बायोसमध्ये 'लास्ट स्टेट' ठेवलं असेल तर ते बदला. कॉम्प्युटर रीतसर बंद झालेला असतो, म्हणून शेवटची स्थिती 'बंद' धरली जाते.

प्रश्न : यूपीएस बॅटरी 100 टक्के दाखवतो, पण लाइट गेली की दोन मिनिटांत सगळं बंद पडतं, शटडाउनचा संदेशही येत नाही.

उत्तर : बॅटरी म्हातारी झाली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, उष्णतेत त्याहून कमी. अशी बॅटरी भरलेली दिसते, पण लोड आला की व्होल्टेज एकदम खाली जातं आणि इशारा द्यायला यूपीएसला वेळच मिळत नाही. आकड्यांशी खेळू नका. बॅटरी बदला, नवी पूर्ण चार्ज करा आणि मग नेहमीच्या लोडवर किती मिनिटं चालते ते घड्याळ लावून मोजा. शटडाउनची वेळ त्यावरून ठरवा.