मुलांना सामन्याला न्यावे की नेऊ नये?

प्रश्न : गेल्या महिन्यात वाळवा तालुक्यातील एका गावी यात्रेनिमित्त भरलेले प्रकाशझोतातील कबड्डी सामने पाहण्यासाठी मी नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन गेलो होतो. आमच्या मागे बसलेले आठ-दहा तरुण पाहुण्या संघाच्या चढाईपटूला आई-बहिणीवरून शिव्या घालत होते आणि आजूबाजूची माणसे हसत होती. लॉबीत गेल्याबद्दल पंचांनी आमच्या खेळाडूला बाद दिले, तेव्हा मीही ‘डोळे गहाण टाकलेत का?’ असे ओरडलो. शिवी मात्र दिली नाही. दोन दिवसांनी अंगणात खेळताना मुलाने चुलतभावाला त्यातलीच एक शिवी जशीच्या तशी घातली. आई म्हणते, ‘लेकरांना असल्या गर्दीत न्यायचंच कशाला?’ मुलांना मैदानाची गोडी लागावी, असे मला वाटते. काय करावे?
— एक पालक, सांगली

उत्तर : मुलांना जरूर न्यावे. आईंची काळजी खरी आहे. पण ज्या जिल्ह्यात सुगी संपली की मैदाने आणि सामने सुरू होतात, तिथे मुलांना घरी ठेवून ती शिवी त्यांच्या कानांपासून फार दिवस दूर राहील, असे वाटत नाही. ती शाळेच्या वाटेवरही भेटतेच.

आपल्या पत्रातले एक वाक्य मात्र मला पुन्हा वाचावेसे वाटले, ते म्हणजे आपण स्वतः ओरडल्याचे. मैदानाच्या दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी झटापट होईपर्यंत खेळाबाहेर असते. स्पर्श होण्यापूर्वी तिथे पाय पडला तर खेळाडू बाद आणि स्पर्शानंतर मात्र तीच जागा खेळात येते. हा क्षणाचा फरक रेषेजवळ उभ्या असलेल्या पंचांना दिसतो, दहाव्या रांगेतून दिसत नाही. मागच्यांनी शिवी दिली आणि आपण दिली नाही, हा भेद आपल्याला मोठा वाटतो. मुलाने मात्र एवढेच पाहिले की निकाल मनासारखा लागला नाही की बाबाही ओरडतात. ‘पंच चुकले असतील, पण निर्णय त्यांचाच,’ असे आपण त्याला त्याच वेळी सांगितले असते, तर ते त्याच्या लक्षात राहिले असते.

आता त्या शिवीबद्दल. मारू नये आणि कौतुकाने हसूही नये (हसणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात, त्यांनाही आवरावे). त्या शब्दाचा अर्थ त्याला बहुधा ठाऊक नसेल. शिवी चुलतभावाला घातली तरी अपमान त्याच्या आईचा, म्हणजे याच्या काकूचा होतो, एवढे सरळ सांगावे. आणि मुलीलाही विचारावे. तिने काही उच्चारले नाही म्हणून ऐकले नाही, असे नव्हे. त्या सगळ्या शिव्या बायकांवरच होत्या.

दोन लहान मुले सोबत असताना दहा जणांच्या टोळक्याशी हुज्जत घालू नये. उठून जागा बदलावी आणि तडक संयोजकांच्या टेबलाकडे जावे. आपल्याकडच्या कुस्ती मैदानात निवेदक माईकवरून हजारोंच्या गर्दीला ‘पुढचे खाली बसा’ म्हणून बसवतो, तर त्याच माईकवरून ‘महिला आणि मुले बसली आहेत, तोंड सांभाळा, नाहीतर सामना थांबवू’ हेही सांगता येते. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशी अश्लील भाषा वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे, हेही संयोजकांना माहीत असावे. मात्र पोलिसांपेक्षा माईक लवकर पोहोचतो.

गर्दी बदलते, याचा एक दाखला तुर्कस्तानात आहे. प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे इस्तंबूलच्या फेनरबाचे या फुटबॉल संघाला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली होती. पण 20 सप्टेंबर 2011 च्या सामन्याला तिथल्या महासंघाने फक्त महिला आणि 12 वर्षांखालील मुलांना विनामूल्य प्रवेश दिला. 41 हजारांहून अधिक जणी आणि मुले आली, आणि पाहुण्या संघाचे स्वागत हुर्योऐवजी टाळ्यांनी झाले. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर 2019 च्या विश्वचषकात ओव्हलवर स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवणाऱ्या भारतीय प्रेक्षकांना विराट कोहलीने हातवारे करून टाळ्या वाजवायला सांगितले होते. ही चित्रफीत मुलाला दाखवावी. त्याला माझ्या उत्तरापेक्षा ती अधिक पटेल.

पुढच्या वेळी संध्याकाळच्या पहिल्या फेऱ्यांना जावे. मध्यरात्रीच्या अंतिम सामन्यापर्यंत गर्दीतल्या काहींच्या पोटात काय गेलेले असते, ते आपण जाणताच. मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्यावी आणि दोन्ही संघांचे गुण त्यालाच मांडू द्यावेत. पाहुण्या चढाईपटूचा गुण लिहिताना त्याची चढाईही नीट पाहिली जाते. आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेची वर्गणी ठरवायला गावकरी बसतील, तेव्हा माईकवरच्या त्या सूचनेचा विषय आपण किंवा त्या गावातल्या आपल्या एखाद्या पाहुण्याने जरूर काढावा.