पहिली प्रत डिस्कवरून न्या, पुढचे बदल इंटरनेटवरून पाठवा

घरातल्या फाइल्सचा बॅकअप, म्हणजे जादा प्रत, दुसऱ्या ठिकाणी ठेवायचा असेल, त्या फाइल्स १ टेराबाइट असतील आणि अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर जोडणी क्षणभरही न तुटता पहिली प्रत पोहोचायला साधारण साडेअठरा दिवस लागतील, हा हिशेब आधी मांडावा. म्हणून पहिला पूर्ण बॅकअप घरीच बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावा, ती डिस्क दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष नेऊन जोडावी आणि त्यानंतर फक्त बदल इंटरनेटवरून पाठवावेत.

त्यासाठी मी रेस्टिक हे बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर सुचवीन. ते फाइलचे तुकडे पाडून केवळ नवे तुकडे पाठवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तोवर पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागत नाहीत. सगळा डेटा कूटबद्ध असतो. पासवर्ड हरवला तर तो डेटा कोणालाही उघडता येणार नाही, तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या जागी जपावा. ‘लिमिट-अपलोड’ या पर्यायाला ४०० (सेकंदाला किलोबाइट) ही मर्यादा दिल्यास सेकंदाला सुमारे सव्वातीन मेगाबिट वापरले जातात आणि घरातल्यांचे व्हिडिओ कॉल अडखळत नाहीत. व्हिडिओ आधी झिप करू नयेत, कारण ते मुळातच आकुंचित असतात.

दर महिन्याला एखादी मोठी फाइल परत उतरवून उघडून पाहा.