'डेथ' बँडच्या सात अल्बम्सची क्रमवारी कशी लावाल? नवख्याने कुठून सुरुवात करावी?

माझी यादी आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना खालपर्यंत वाचत बसायला नको. पहिल्यापासून सातव्यापर्यंत: 'ह्यूमन', 'सिम्बॉलिक', 'लेप्रसी', 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स', 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स', 'स्क्रीम ब्लडी गोअर', 'स्पिरिच्युअल हीलिंग'.

हो, 'पर्सिव्हिअरन्स' पाचवा. का ते पुढे सांगतो.

या यादीत एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. मी पुण्यात गणपतीत ताशा वाजवतो, बारा-तेरा वर्षं झाली. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की कान आधी ड्रमकडे जातो, गिटारचा नंबर नंतर. डेथच्या बाबतीत मात्र ही खोड कामी येते. हा बँड डेथ मेटल वाजवायचा, म्हणजे जड गिटारी, धावते ड्रम आणि गुरगुरता आवाज असलेला रॉक. डेथ म्हणजे चक शुल्डिनर. फ्लोरिडातल्या या पोराने 'मँटस' नावाने बँड सुरू केला, त्याचंच पुढे 'डेथ' झालं. १९८७ ते १९९८ या काळात सात अल्बम, आणि लागोपाठचे दोन अल्बम एकाच संचाने कधीच केले नाहीत. गाणारा तोच, रचना त्याच्याच, साथीला दर वेळी कोणीतरी नवं. मैफल ऐकून आलेल्याला आपण विचारतो ना, "तबल्यावर कोण होतं?" डेथचा अल्बम लावताना मला तोच प्रश्न पडतो. सात अल्बम्सना ड्रमर पाच: ख्रिस रायफर्ट, बिल अँड्रूज, शॉन रायनर्ट, जीन होग्लन, रिचर्ड क्रिस्टी. माझी यादी निम्मी तरी या पाच जणांनी लावलेली आहे.

तळापासून सुरू करू. 'स्पिरिच्युअल हीलिंग' (१९९०) वाईट नाही हो, अडकलेला आहे. चकच्या डोक्यात तोवर गुंतागुंतीच्या रचना यायला लागल्या होत्या. मढी, रक्त, झॉम्बी हे विषय मागे टाकून तो भोंदू धर्मोपदेशक, कोकेनच्या नशेत जन्माला आलेलं मूल, गर्भपात असल्या गोष्टींवर लिहू लागला होता. जोडीला जेम्स मर्फीसारखा गिटारवादक, त्याचे सोलो आजही सुरेख वाटतात. पण खाली ड्रमवर अँड्रूज आधीच्या अल्बमचाच ठेका धरून बसलाय. वर गाणं तीनदा वळण घेतं आणि खाली गडी सरळ रस्त्याने चाललाय. पथकात असं झालं की आम्ही ढोलवाल्याकडे डोळे वटारून बघतो.

'स्क्रीम ब्लडी गोअर' (१९८७) म्हणजे दोन पोरांनी केलेला दंगा. गिटार, बास, आवाज सगळं चकचं, ड्रमवर रायफर्ट, दोघंही विशीच्या आसपास. हॉरर सिनेमे बघून लिहिलेली गाणी. 'झॉम्बी रिच्युअल'ची सुरुवात लागली की अजून अंगात येतं. डेथ मेटलचा पाया म्हणून याला मान आहे आणि तो असावाच, पण सलग ऐकताना सहाव्या-सातव्या गाण्याला मी फोन बघायला लागतो.

आता भांडणाचा विषय. 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' (१९९८) अनेकांच्या यादीत पहिला असतो. रिचर्ड क्रिस्टी अफाट वाजवतो हे मला मान्य, आणि अडचण नेमकी तीच आहे. मोकळी जागा दिसली की भरलीच. ताशेवाला प्रत्येक ठोक्याला तर्री मारायला लागला तर मिरवणूक चालणार कशी? त्यात चकचा आवाज इथे पार वर, चिरकण्याच्या पट्टीत गेलाय. एव्हाना त्याचं मन 'कंट्रोल डिनाइड' या दुसऱ्या बँडमध्ये होतं. तिथे त्याने स्वतः न गाता टिम एमार हा मोकळ्या गळ्याचा गायक घेतला. 'पर्सिव्हिअरन्स'मधली काही गाणी मुळात त्या बँडसाठीची, आणि मला ते ऐकताना जाणवतं. शेवटी जुडास प्रीस्ट या जुन्या हेवी मेटल बँडचं 'पेनकिलर' गायलंय, ते मी दर वेळी सोडून देतो. 'व्हॉइस ऑफ द सोल' मात्र कधीच नाही. त्यात ड्रमच नाहीत, नुसत्या गिटारी. ड्रमवेड्या माणसाला या अल्बममधला सगळ्यात आवडलेला तुकडा बिनड्रमचा निघावा, आता काय बोलणार!

'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) बद्दल थोडक्यात. होग्लन ड्रमवर, स्टीव्ह डिजॉर्जिओ पडदे नसलेल्या बासवर, 'किंग डायमंड' बँडमधला अँडी लारॉक गिटारवर. एवढी मोठी माणसं एका खोलीत असली की जो तो बोलायला बघतो, तसं काहीसं झालंय. बास इतका सुंदर घरंगळत जातो की दोन-तीनदा मी निव्वळ बाससाठी अख्खा अल्बम ऐकलाय. 'द फिलॉसॉफर' सगळ्यांना माहीत असतं, त्यावर वेगळं काय लिहू.

'लेप्रसी' (१९८८) तिसरा का, हे मला आजवर कोणाला पटवता आलेलं नाही. वरती अँड्रूजला नावं ठेवली, तोच अँड्रूज इथे आहे. पण इथे गाणी त्याच्या मापाची आहेत. सरळ, जड, मोजक्या ठोक्यांची. पहिलं गाणं सुरू झालं की स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, प्रत्येक घाव वेगळा ऐकू येतो, ढोलाच्या पानावर टिपरू पडावं तसा कोरडा. फ्लोरिडातल्याच टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झालं, आणि पुढची काही वर्षं जगभरातले डेथ मेटल बँड त्या स्टुडिओच्या वाऱ्या करत राहिले. अल्बमवर बासवादक म्हणून टेरी बटलरचं नाव आहे, पण बास वाजवलाय चकनेच. 'पुल द प्लग' हे यंत्रांवर जगवलेल्या माणसाचं गाणं, मला सोडून द्या म्हणणारं. लिहिणारा तेव्हा जेमतेम वीस-एकवीस वर्षांचा होता.

एक गोष्ट खुपते ती कव्हरची. एड रेप्काने काढलेला, चेहरा झडलेला महारोगी. अमेरिकेतल्या पोरांना ते भुतासारखं वाटलं असेल. पण शाळेच्या पुस्तकात बाबा आमटे आणि आनंदवन वाचत मोठा झालेला माणूस त्या चित्राकडे तसं नाही बघू शकत. आईने एकदा लॅपटॉपवर ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बिचाऱ्याला असं काय लावून ठेवलंयस?" तेव्हापासून मी ते चित्र मोठं करून उघडत नाही. गाण्यात समाजाने बाहेर टाकल्याचाच भाग आहे, पण चित्रापर्यंत तो पोचलेला नाही.

आता वरचे दोन. खरं सांगायचं तर दर सहा महिन्यांनी यांची अदलाबदल होते.

'सिम्बॉलिक' (१९९५) मध्ये पुन्हा होग्लन, पण आधीच्या अल्बमपेक्षा शहाणा झालेला. वाजवण्यासारखं शंभर ठिकाणी असताना कुठे वाजवायचं नाही हे त्याला कळलंय. हेडफोन लावून 'क्रिस्टल माउंटन' ऐका आणि फक्त झांजांकडे लक्ष द्या. दोन्ही पाय खाली एका चालीने धावत असतात आणि वर हात निवांतपणे एका झांजेवरून दुसरीवर फिरत असतो, बारीक बारीक टिपके टाकत. गाण्याच्या शेवटी सगळं ओसरतं आणि साधी अकूस्टिक गिटार येते. 'एम्प्टी वर्ड्स'ची हळूच होणारी सुरुवात, शेवटचं आठ मिनिटांचं 'पेरेनिअल क्वेस्ट', सगळं कसं जागच्या जागी बसलंय. '१,००० आइज' हे पाळत ठेवणाऱ्या डोळ्यांवरचं गाणं १९९५ सालचं आहे, हे मला दर वेळी स्वतःला बजावून सांगावं लागतं.

मग 'ह्यूमन' वर का? रागामुळे. १९९० च्या युरोप दौऱ्याला चकने ऐनवेळी नकार दिला, तर अँड्रूज आणि बटलर दुसऱ्यांना घेऊन डेथच्या नावाने दौरा करून आले. ज्याचा बँड तो घरी, आणि बँड परदेशात! परतल्यावर दोघांनाही नारळ मिळाला. चकने मग 'सिनिक' या बँडमधली विशीतली दोन पोरं उचलली, पॉल मॅसव्हिडाल गिटारवर आणि शॉन रायनर्ट ड्रमवर, शिवाय बासवर डिजॉर्जिओ. या रायनर्टचे कान जॅझ फ्यूजनवर, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिलाफावर पोसलेले. १९९१ साली आलेला हा अल्बम जेमतेम चौतीस मिनिटांत आटोपतो आणि त्यात एक ठोकाही फुकटचा नाही.

मी तो पहिल्यांदा ऐकला तो साफ चुकीचा. हॉस्टेलवरच्या मित्राने एमपीथ्रीची सीडी जाळून दिली होती आणि प्लेअर गाणी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावायचा. त्यामुळे माझा 'ह्यूमन' 'कॉस्मिक सी'पासून सुरू व्हायचा. त्या गाण्यात शब्दच नाहीत! दोन वर्षं मी छातीठोकपणे लोकांना सांगत होतो की बघा, काय हिंमत आहे, डेथ मेटल बँड आणि अल्बमची सुरुवात बिनशब्दांची. खरा क्रम कळला तेव्हा लाज वाटली, आणि मग पहिलं गाणं पहिलं म्हणून लावलं. 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स'. आधी काहीच नाही, मग लांबून रस्त्याच्या टोकाला पथक लागावं तसे नुसते ड्रम जवळ जवळ येत जातात. आमच्या पथकातल्या एकाला ते गाडीवर मागे बसवून ऐकवलं. इंग्रजी गाण्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण त्याची बोटं माझ्या खांद्यावर चालायला लागली आणि सिग्नलला तो म्हणाला, "कुठलं पथक रे हे?"

रायनर्ट २०२० च्या जानेवारीत गेला. चक तर केव्हाच गेला होता. १९९९ साली बत्तिसाव्या वाढदिवशी मेंदूत गाठ असल्याचं निदान, आणि १३ डिसेंबर २००१ ला सगळं संपलं. वय चौतीस.

नवख्याने सुरुवात 'सिम्बॉलिक'पासून करावी, तीही हेडफोनवर. ते पचलं तर 'ह्यूमन', मग उलट्या पावलांनी 'लेप्रसी'. 'ह्यूमन'च्या मूळ मिश्रणात डिजॉर्जिओचा बास जवळजवळ गाडलाय. २०११ च्या आवृत्तीत तो वर काढलेला आहे, मिळाली तर तीच घ्या. आणि गाण्यांचा क्रम एकदा तपासून बघा.