वडीत सांबर नसतं हो, सांबार असतो!

प्रश्न थोडक्यात असा: "माहेर सातारचं, सासर वर्ध्याचं. सासूबाई 'वरणावर सांबार टाक' म्हणतात तेव्हा त्यांना कोथिंबीर हवी असते. हा शब्द बरोबर आहे का? मुलांनी कोणता शब्द शिकावा? आणि सांबारवडी म्हणायचं की सांबरवडी?"

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे माझं डोकं फिरतं. सांबर हा प्राणी आहे. संस्कृत 'शंबर', त्यावरून सांबर. मोठ्या शिंगांचं, दाट जंगलातलं हरीण. परवा एका दुकानाच्या पाटीवर 'गरमागरम सांबरवडी' आणि खाली हिरव्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' असं वाचलं. इडलीच्या वाटीत तर हे बिचारं हरीण वर्षानुवर्षं बुडतंय. एका कान्याचा प्रश्न आहे हो, रंगाऱ्याला किती रंग लागतो त्याला?

आता सांबार म्हणजे कोथिंबीर. अर्थात बरोबर. अख्खा विदर्भ म्हणतो, कोणी 'सांभार' असंही म्हणतो. मी स्वतः कॉलेजात असताना अमरावतीला मावशीकडे गेलो होतो. "जा रे, दहा रुपयांचा सांबार आण," म्हटल्यावर कडीचा डबा घेऊन निघालो, तेव्हा मावशी दारात बसून डोळे पुसेपर्यंत हसली. ते असो. गंमत आहे ती हा शब्द आला कुठून यात.

मूळ शब्द 'संभार'. सम् आणि भृ, म्हणजे एकत्र आणणं, जमवणं. जमवलेलं साहित्य तो संभार. अग्न्याधानाच्या, म्हणजे यज्ञाचा अग्नी विधिपूर्वक स्थापन करण्याच्या, आधी वाळू, वारुळाची माती वगैरे जे गोळा करायचं, त्याला संभारच म्हणतात. यज्ञाच्या वेदीवरून हा शब्द चुलीपाशी आला आणि स्वयंपाकाचं जमवलेलं साहित्य, म्हणजे मसाला, असा अर्थ घेऊन बसला. मग बघा तो कुठे कुठे गेला. गोव्यात सांबार म्हणजे मसालाच. सांबाराची कोडी म्हणजे मसाल्याची आमटी, माशाची. गुजरातेत लोणच्याचा कोरडा मसाला 'संभार', आणि कोबी-मिरची फोडणीत जराशी परतली की 'संभारो'. केरळात 'संभारम्' म्हणजे आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता ठेचून घातलेलं ताक! तमिळनाडूत डाळ-चिंचेचं ते प्रसिद्ध सांबार. आणि वर्ध्याच्या बाजारात हिरवी जुडी. एकाच घरातली भावंडं, कोणी मसाला झालं, कोणी ताक, कोणी आमटी, कोणी पाला.

सगळ्या मसाल्याचं नाव एका पाल्याला कसं चिकटलं? भाषा हे रोज करते. 'भक्त' म्हणजे संस्कृतात वाट्याला आलेलं अन्न. आपल्या ताटात त्याचा फक्त 'भात' उरला. कानडीत तर थेट 'अन्न' म्हणजेच भात. तसंच ज्या घरात मसाला घातला की वरून कोथिंबीर आलीच, तिथे तीच सांबार झाली.

माझा एक लाडका तर्कही सांगून टाकतो, पटला तर घ्या. 'सांभाळणे' हेही याच कुळातलं असावं. र आणि ल यांची अदलाबदल आपल्याकडे जुनीच, आणि ल चा ळ व्हायला वेळ लागत नाही. जमवायचं ते संभार, जमवलेलं जपायचं ते सांभाळ. भाजीवालीकडून जुडी आणून, मुळं कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून जी बाई आठवडाभर टिकवते तिला हा तर्क समजावून सांगावा लागत नाही.

यावर लगेच कोणीतरी तंजावरची गोष्ट काढणार. तिथले मराठा राजे शहाजी (शिवरायांचे वडील नव्हेत), त्यांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठीची आमसुलं संपली, चिंच घातली, पाहुणे होते संभाजीराजे, म्हणून 'सांबार'. गोष्ट छान आहे, कीर्तनात सांगा. पण मग केरळच्या ताकाला, गुजरातच्या कोबीला आणि आमच्या मावशीच्या कोथिंबिरीला कोणत्या राजांनी भेट दिली होती? तंजावरचे मराठे मोठे होते, त्यांना मोठं व्हायला चिंचेची गरज नाही.

दुसरी फळी शुद्धवाद्यांची: 'कोथिंबीर' प्रमाण, 'सांबार' गावंढळ. गंमत म्हणजे या जोडीत संस्कृतातून जवळजवळ तसाच उचललेला शब्द सांबारच! कोथिंबीर आली ती 'कुस्तुम्बुरु'वरून, चांगली झिजून, घासून. आणि त्या कुस्तुम्बुरुचीही कथा आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'कुस्तुम्बुरूणि जातिः'. म्हणजे ही वनस्पती, आपली धण्याची, म्हणायची असेल तर मध्ये 'स' येतो; तो नसेल तर 'कुतुम्बुरु', वाईट प्रतीचं तुंबुरू नावाचं फळ. एका 'स'वर धणे की टाकाऊ फळ हे ठरतं! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला एका अक्षराची एवढी काळजी, आणि आम्हाला एक काना जड होतो.

हां, मुलांचं राहिलं. दोन्ही शिकवा. आजीकडे सांबार, आजोळी कोथिंबीर. मुलं गोंधळत नाहीत, गोंधळतो आपण. फक्त विदर्भात तो पुल्लिंगी, हे लक्षात ठेवा: सांबार निवडला, सांबार चिरला.

आणि सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, करणार असाल तर सांबार आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरून ठेवा. खसखस, सुकं खोबरं, तीळ यांच्यात ओला पाला मिसळला की सारणाला पाणी सुटतं, पारी मऊ पडते आणि वडी कढईत उकलते.