सिंहगड नाव आधीचं की नंतरचं: पत्राची तारीख आधी तपासा

तुम्ही विचारलंय, 3 एप्रिल 1663 च्या शिवकालीन पत्रात ‘सिंहगड’ आहे आणि तानाजी मालुसरे तर 4 फेब्रुवारी 1670 ला पडले, मग पत्र बनावट का? बनावट नाही. नाव आधीपासून होतं, कोंडाणाही चालू होता. पुरंदरच्या तहातल्या यादीत कोंडाणाच आहे. तानाजींचा पराक्रम यानं तसूभर कमी होत नाही, फक्त ‘सिंहगड’ हे नाव त्यांच्यामुळे पडलं, ही गोष्ट बाद होते.

वाद घालण्याआधी तारीख स्वतः काढा. पत्रातला सन शुहूर (मृग नक्षत्रापासून सुरू होणारं वर्ष) असतो, अरबी अंकशब्दांत: ‘सलास सितैन व अलफ’ म्हणजे 1063. जानेवारी ते मे असेल तर त्यात 600 मिळवा, मृगापासून डिसेंबरपर्यंत 599. पण महिना हिजरी (रमजान वगैरे), म्हणून लोक सनही हिजरी धरतात आणि पत्र 1653 मध्ये नेऊन बसवतात. 10 वर्षांची चूक! समोरचा तेवढ्यावर तुमचा सगळा मुद्दा उडवतो.

दुसरं दुखणं नकलांचं. एका दप्तरखान्यात (नाव घेत नाही) अर्ज केला की बाळबोध (मोडीवरून देवनागरीत उतरवलेली) नक्कल हातात ठेवतात, तीही नुसत्या मजकुराची. अहो, सन वर मायन्यात (पत्राच्या सुरुवातीच्या मजकुरात) आणि ‘छ’ पुढची चंद्रतारीख शेवटी, नेमकं तेच गाळलेलं! फोटो मागितला की ‘नक्कल दिली ना?’ अर्जातच लिहा: मायना, शेवट, पाठची बाजू, कागदाचे जोड आणि दोन्ही शिक्क्यांचे (वरचा मुख्य आणि शेवटचा) फोटो हवेत. ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का शेवटी उमटवत ते मागाहून ओळ घुसडता येऊ नये म्हणूनच. मात्र जुन्या नकलेवर शिक्का नसतो, तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका.

बखरी टाकाऊ नाहीत, असं माझं मत. सगळ्यांना पटेलच असं नाही. बखरकार सभासद राजाराम महाराजांच्या काळात लिहितो, त्याच्याकडे ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. सिंह नाही, घोरपडही नाही. मावळे वानरासारखे कडा चढतात. घोरपड पोवाड्यातली.

जाता जाता: इंग्रजांच्या पत्रांत तानाजी पडले ती फेब्रुवारी 1669 ची दिसेल. त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. पोर्तुगीज कागद लावलेत तर 10 दिवसांचा फरकही धरा, कारण त्यांची दिनदर्शिका नवी (ग्रेगोरियन) होती आणि इंग्रजांची जुनी.