‘माझ्या वेळी बंद पडलं’ असं म्हणतील ना!

मी समुपदेशक आहे आणि वर्षातून तीनदा माझ्याकडे एकच तक्रार येते. गौरी-गणपतीच्या आधी येते, दिवाळीच्या आधी येते आणि नोव्हेंबर संपता संपता पुण्यातल्या ख्रिस्ती घरांतून येते. "सण जवळ आला की पोटात गोळा येतो, मॅडम." बोलणारी बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासची, नोकरी करणारी बाई असते. सुरुवात ती थकव्यापासून करते, पण थोडं बोलू दिलं की खरं दुखणं बाहेर येतं. "सगळं करते, पण मनापासून करत नाही. उरकते. मुलांना हेच आठवणार का माझ्याबद्दल?"

या प्रश्नावर मला नेहमी नाताळातलं एक घर आठवतं. त्या घराची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

वानवडीतलं मराठी ख्रिस्ती कुटुंब. ती बँकेत अधिकारी, नवरा हिंजवडीत आयटीत, मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि घरात सासूबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. पहिल्या दिवशी ती एकटीच आली आणि बसल्या बसल्या मोबाइलमधली यादी माझ्यासमोर धरली. चांदणी लावणे. गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) मांडणे. झाड. केक. फराळ. शेजाऱ्यांची ताटं, 22. चर्चची मुलं गाणी म्हणत येतील त्यांचा चहा. 24च्या रात्रीची उपासना, 25ला सासरच्यांचं जेवण, 26ला माहेरी नगरला. 31ला बँकेची तिमाही बंद आणि त्याच रात्री पुन्हा उपासना. यात मुलाचं गॅदरिंग आणि दोन लग्नं. (डिसेंबरात पुण्यात ज्याच्या घरी गॅदरिंग किंवा लग्न नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

"यातलं काय कमी करता येईल?" मी विचारलं.

"काहीच नाही. आईंना चालणार नाही."

ताटांबद्दल सांगायला हवं. दिवाळीत सोसायटीतून यांच्याकडे फराळ येतो. त्याला उत्तर म्हणून नाताळात यांच्याकडून करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि केकचा तुकडा असं ताट जातं. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असतोच, त्यात नवल नाही. पण 22 ताटं! आदल्या वर्षी तिने करंज्या बाहेरून आणल्या, रात्री उशिरा डब्यात भरल्या आणि दुकानाची पिशवी कचऱ्यात तळाशी दडपली. कुणाला कळलं नाही, असं तिला वाटत होतं.

अशा वेळी वेळेचं नियोजन शिकवायचा मोह होतो. माझ्या काही तरुण सहकाऱ्यांना तर फारच होतो. तक्ता करा, कामं वाटा, नाही म्हणायला शिका. चूक काही नाही त्यात, पण या बाईला तक्ता शिकवायचा? ती शाखा चालवते! मी माणसाला घरातून सुटं काढून बघत नाही. एकीच्या डोक्यावरचं ओझं बहुतेक वेळा दोन-तीन पिढ्यांनी मिळून ठेवलेलं असतं आणि ते उतरवायलाही तेवढीच माणसं लागतात. म्हणून मी सगळ्यांना बोलावलं. आजींनाही.

येण्यापूर्वी प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता एका ओळीत लिहून आणायचं होतं : कोणती एक गोष्ट नसेल तर तुम्हाला नाताळ झाल्यासारखं वाटणार नाही?

मुलाने लिहिलं होतं, ‘पप्पांबरोबर चांदणीची वायर जोडणे.’ नवऱ्याने लिहिलं, ‘रात्रीच्या उपासनेहून आल्यावरचा चहा.’ मुलीची चिठ्ठी जरा मोठी होती. ‘आजी करंजीला मुरड घालताना टिळकांची भजनं म्हणते ते. गेल्या वर्षी म्हटली नाहीत.’ ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं हा या घरांतला जुना ठेवा आहे, कित्येक आज्यांना ती तोंडपाठ असतात.

आईच्या यादीतल्या बावीस ताटांचा उल्लेख कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता. तिच्याही.

नवऱ्याला ते रुचलं नाही. "पण परंपरा आहे ती. अशी कमी-जास्त कशी करणार?" त्याला उत्तर मी दिलं नाही, मुलीने दिलं. संडे स्कूलसाठी तिने भाषण तयार केलं होतं. "पप्पा, सगळं कुणीतरी कधीतरी सुरूच केलंय. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावात केला. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, मेणबत्त्या 1839च्या. हॅम्बुर्गला योहान विखर्न म्हणून होते, ते गरीब मुलांना सांभाळायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल. आपण फक्त चारच लावतो. म्हणजे कमी केल्याच ना?"

मी आजींकडे वळले. "ताटांचं कुणी सुरू केलं, आजी?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "नाना पेठेत वाड्यात राहायचो. चार बिऱ्हाडं. आम्ही एकटेच ख्रिस्ती. दिवाळीला चारही घरचं यायचं, मग मी नाताळात द्यायला लागले. नानकटाई बेकरीत भाजून आणायची, करंज्या घरी. शेजारणी यायच्या लाटायला."

"म्हणजे ताटं चार आणि हात?"

त्यांनी बोटं मोजली. "पाच-सहा बायका तरी असायच्या."

"आणि आता?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. "आता ही एकटी. पण मी कधी म्हटलं हिला, बावीस कर म्हणून? सोसायटी वाढली, हिने ताटं वाढवली. मला वाटलं, हौस आहे हिला. आणि गेल्या वर्षी करंज्या आयत्याच आल्या, तेव्हा म्हटलं, झालं, आता आपल्या हाताची गरज नाही."

म्हणजे पिशवी दडपून उपयोग झाला नव्हता. करंजीची मुरड दुसऱ्या हाताची आहे हे आजींना पहिल्या घासाआधीच कळलं होतं. सून समजत होती, सासूचा आग्रह आहे. सासू समजत होती, आपल्याला निवृत्त केलंय. दोघी एकाच घरात, एकाच ओट्यापाशी, वर्षभर गप्प.

"मग बंद का नाही केलंस?" नवऱ्याने विचारलं. अगदी सरळपणे विचारलं, तरी ती उसळली.

"मी बंद करू? अहो, आईंनी चाळीस वर्षं केलं आणि माझ्या वेळी बंद पडलं, असं म्हणतील ना! तुमच्या बहिणीच आधी म्हणतील."

इतक्या बैठकांमध्ये दमले, वेळ नाही, पाठ दुखते, सगळं येऊन गेलं होतं, पण हे वाक्य आलं नव्हतं. ते आलं तेव्हा मी मध्ये काही बोलले नाही. असं वाक्य येतं तेव्हा समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, हे मला या कामातलं सगळ्यात अवघड कसब वाटतं. आणि ते मला जमतं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

आजी थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं करू. ताटं मी सुरू केली, मीच कमी करते. आपल्या मजल्यावरची चार घरं. बाकीच्यांना मी सांगते, आता माझ्याच्याने होत नाही, नाताळात चहाला या. बघू कोण काय म्हणतं ते."

सून रडली. मुलाला काही समजलं नाही, तो टेबलावरची टाचणी वाकवत बसला होता.

तेव्हापासून कुठल्याही सणाच्या तक्रारीत मी हा धागा शोधते. कामाला बायका भीत नाहीत. आपल्या हातून साखळी तुटली, हा ठपका त्यांना नको असतो. म्हणून ज्याने रीत सुरू केली, तो हयात असेल तर ती सैल करण्याचं काम त्याच्याकडे द्यावं. त्याच्या एका वाक्याने जे होतं ते माझ्या दहा बैठकांनी होत नाही. तो नसेल, तर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारावं : हे कधी सुरू झालं आणि तेव्हा घरात किती हात होते? रीत तीच राहते, हात घटतात, ताटं वाढतात, आणि हिशोब कुणी मांडलेलाच नसतो.

कमी करायचं ते चोरून करू नका, बोलून करा. विकतच्या करंज्यांत काहीच गैर नाही, पण पिशवी ओट्यावर दिसू दे. लपवलेल्या गोष्टीचा प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो आणि तो बहुतेक वेळा आपल्याविरुद्धचाच असतो.

नवऱ्यांसाठी एक. ‘मी मदत करतो ना’ हे वाक्य कृपा करून टाका. मदतनिसाला काम सांगावं लागतं आणि सांगणं हेही काम असतं. अख्खी गोष्ट घ्या. या घरात 25चं जेवण त्याने घेतलं. म्हणजे काय करायचं, मटण कधी आणायचं, किती माणसं आणि मीठ कमी पडलं तर आत्याबाईंचं कोण ऐकणार, सगळं त्याचं. पहिल्या वर्षी भात करपला. आत्याबाई बोलल्या. त्याने ऐकून घेतलं.

चिठ्ठीचा प्रयोग घरीही करता येतो, त्याला माझी गरज नाही. एक अट पाळा : मुलांच्या उत्तराला हसायचं नाही. वस्तूचं नाव मुलं क्वचितच लिहितात. कोण कुणाबरोबर बसून काय करत होतं, तेवढंच त्यांच्या लक्षात असतं. यादीतलं काय राहू द्यायचं, ते त्यावरून ठरवा.

सगळं सुटलं असं मात्र नाही. 26ला रात्री दमून नगरला गाडी कुणी चालवायची, यावर ते दोघं अजून भांडतात. चहाला म्हणे बरेच जण आले, दोन घरांनी मात्र ‘यंदा ताट नाही का?’ असं विचारलंच. आजींनी त्यांना करंज्या लाटायला बोलावलं.

हे बोलणं डिसेंबर उजाडल्यावर काढू नका, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. दिवाळी आटोपली की लगेच बसा. आणि सण होऊन गेल्यावरही झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, दोन आठवडे झाले तरी मन वर येत नसेल, तर ते सणाचं दमणं नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. घरचे यायला तयार नसतील तर एकटीने या. पहिल्या दिवशी ती पण एकटीच आली होती.