पार उतरलेली बॅटरी: घाई करू नकोस

जंप स्टार्ट देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर, गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली, असं समजू नकोस. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी राखायला असतो. पार रिकामी बॅटरी त्याच्यावर टाकली तर तो तापतो आणि बॅटरीही अर्धवटच भरते.

आधी मल्टीमीटर लाव. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १०.५च्या खाली असेल तर बरेच स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाहीत. मग चांगली १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडायची, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि चार्जर सुरू करायचा. तासाभराने ती चांगली बॅटरी काढून घे, पण तोवर तिथून हलू नकोस.

करंट कमी ठेव: ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साडेतीन अँपिअर पुरे. रात्रभर लागेल, लागू दे. झाकणं उघडणारी असेल तर प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर आधी घाल, नळाचं अजिबात नको. हायड्रोजन निघतो, म्हणून खोली मोकळी हवी, जवळ विडी-काडी नको. पेटी फुगलेली किंवा गळकी दिसली तर हातच लावू नकोस, थेट बदल.

चार्जर काढून काही तासांनी पुन्हा मोज. १२.४च्या खाली घसरली तर बहुधा सल्फेट, म्हणजे प्लेटांवर साचणारा थर, घट्ट बसलंय.